पाणी वरनंच आलंय

बाबांच्या सायकलला मागं जाड लोखंडी कॅरिअर होतं. रात्रीचे साडेदहा वाजले आणि दादा घरी आला नाही की बाबा पायजम्याला क्लिपा लावायचे, डायनामो चाकाला टेकवायचे आणि काही न बोलता बाहेर पडायचे. कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून निघून आधी लक्ष्मीपुरी. तिथं नाही सापडला तर उद्यमनगर. दादा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होता, आणि काम सुटल्यावर त्याचे पाय कुठं वळतात हे बाबांना पाठ झालं होतं. तासा-दीड तासानं गल्लीच्या तोंडाशी डायनामोची घरघर ऐकू यायची. आई दाराशीच बसलेली असायची. दाराला कडी नसायची. कॅरिअरवर मान टाकून दादा, त्याचा एक हात बाबांच्या कमरेला.

हे 1995 पासून बारा वर्षं चाललं, मधला एक खंड सोडून. तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाचं काम की माणसाचं, हा प्रश्न पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी मी त्या डायनामोच्या आवाजात ऐकला होता.

बाबा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील' होते, म्हणजे पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) जोडीनं मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्यांपैकी एक. कोल्हापूरची मंडळी प्रेस्बिटेरियन परंपरेतली. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी 1852 साली इथं आले, आणि 1870 मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनला जोडलं गेलं. वायल्डर मेमोरियल चर्च आजही ते नाव सांभाळून आहे. प्रेस्बिटेरियन म्हणजे मुळात सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याची शिकवण. माणूस पापात इतका रुतलेला आहे की देवाकडे वळायची नुसती इच्छाही त्याला आपली आपण होत नाही. देव आपली माणसं जगाच्या स्थापनेपूर्वी निवडतो, आणि त्यांचे गुण बघून निवडत नाही. बाबांच्या तोंडी कॅल्व्हिनचं नाव मी क्वचितच ऐकलं. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं सहा चव्वेचाळीस त्यांच्या जिभेवर पाढ्यासारखं होतं: "ज्याने मला पाठवले त्या पित्याने आकर्षिल्यावाचून कोणीही माझ्याकडे येऊ शकत नाही." मराठीतलं 'आकर्षिल्यावाचून' फार सौम्य आहे. मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच योहानानं शेवटच्या अध्यायात मासळीनं भरलेलं जाळं ओढण्यासाठी वापरलंय. बाबांना ग्रीक येत नव्हतं, पण अर्थ त्यांना नेमका लागला होता. "ओढतो तो," म्हणायचे. "आपण यायचं नसतं, आणलं जायचं असतं."

आई बेळगावची, मेथडिस्ट घरातली. मेथडिस्ट पंथाची सुरुवात करणाऱ्या जॉन वेस्लीच्या शिकवणीत वाढलेली. तिचं उत्तर तयार असायचं. "अहो, बारा बत्तीस पण वाचा की. 'मी सर्वांना माझ्याकडे आकर्षून घेईन' असं म्हटलंय. सर्वांना. आणि प्रकटीकरणात येशू दाराशी उभा आहे, दार ठोकतोय. फोडत नाही. कडी आतूनच काढायची असते."

हा वाद आमच्या घरी भांडणाचा कधीच नव्हता. रविवारी उपासनेवरून आल्यावर मटण शिजेपर्यंत चालायचा आणि ताटं वाढली की थांबायचा. पण दादाचं पिणं वाढलं तसा त्याचा सूर बदलला. आता तो एका माणसाबद्दल होता, आणि तो माणूस आतल्या खोलीत पालथा पडलेला असायचा.

मी तेव्हा कॉलेजात होते. तर्काची धार मला नुकतीच सापडली होती आणि ती कुठंही चालवून बघायची घाई होती. बाबांना एकदा विचारलं, "निवड आधीच ठरलेली असेल तर तुम्ही रोज रात्री कशाला जाता?" बाबा क्लिपा लावत होते. म्हणाले, "मी जायचं हेही त्यातच ठरलेलं असेल की." आईलाही विचारलं. तिच्या मते निर्णय दादाचा होता, आणि तरी ती रात्ररात्र गुडघ्यांवर असायची. "कडी त्यानंच काढायची आहे, तर देवाला का सांगत बसतेस?" ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग कुणाला सांगू?"

दोघांचीही शिकवण त्यांच्या कृतीच्या उलट होती असं मला तेव्हा वाटलं. सगळं देवाच्या हाती मानणारा माणूस सायकल काढत होता, आणि सगळं माणसाच्या हाती मानणारी बाई हात जोडून बसली होती. आज मला ती उलट वाटत नाही. जिथं खरोखर कुणावर जीव जडलेला असतो, तिथं माणूस आपल्या सिद्धान्ताच्या अर्ध्या भागावर थांबूच शकत नाही.

पुढं बी.एड. झाल्यावर, शाळेत शिकवायला लागल्यावर, मी वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा भेटला तो ऑगस्टिन. इसवी सन 354 मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला, पुढं हिप्पोचा बिशप झालेला. पण मला आधी दिसली ती त्याची आई मोनिका, मुलासाठी वर्षानुवर्षं रडणारी. आणि मग तो तरुण ऑगस्टिन, जो देवाला म्हणायचा की मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. 'पण इतक्यात नको' हे शब्द मी आमच्या घरात ऐकले होते. दर महिन्याच्या शेवटी. "एक तारखेपासून बंद, आई. शपथ."

ऑगस्टिननं एक गोष्ट पाहिली, जी आमच्या नातेवाइकांना दिसत नव्हती. मन शरीराला हुकूम करतं आणि शरीर तत्काळ ऐकतं: हात उचल म्हटलं की उचलला. पण तेच मन स्वतःला हुकूम करतं आणि स्वतःच ऐकत नाही. दादाचा हात लेथवर इतका नेमका होता की वर्कशॉपचे मालक अवघड जॉब मुद्दाम त्याच्यासाठी राखून ठेवायचे. केसाच्या जाडीइतकंही माप न चुकणारा हात. त्याच हातानं संध्याकाळी सात वाजता ग्लास उचलू नये, एवढं त्याला स्वतःला सांगता यायचं नाही. सांगायचा तो. रोज सांगायचा. सांगणारा एक दादा आणि न ऐकणारा दुसरा, असं नव्हतं. दोन्ही तोच होता.

ऑगस्टिनच्याच काळात रोममध्ये पेलाजियस नावाचा ब्रिटनकडचा एक संन्यस्त गृहस्थ शिकवत होता. ऑगस्टिनची एक प्रार्थना त्याच्या कानावर आली: तू जी आज्ञा करतोस ती पाळायचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. पेलाजियस खवळला. त्याचं म्हणणं असं की देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकदही माणसात असलीच पाहिजे. नाहीतर सगळेच 'मी काय करू, मी दुबळा' म्हणत निजून राहतील. हा माणूस वाईट नव्हता. श्रीमंत, सैल वागणाऱ्या ख्रिस्ती लोकांची त्याला चीड होती, आणि ती चीड खरी होती. पण आमच्या गल्लीत, आमच्या नात्यात, किती पेलाजियस होते! "मनावर घेतलं तर एका दिवसात सुटेल." "निग्रह पाहिजे." "आमच्या मामांनी विडी एका झटक्यात सोडली." प्रत्येकाचं वाक्य दादाला लाजवून जायचं आणि लाज त्याला परत तिथंच घेऊन जायची. माणसाच्या इच्छाशक्तीचा एवढा गौरव करणारी ही शिकवण प्रत्यक्ष दुबळ्या माणसासमोर उभी राहिली की केवढी निर्दय होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसची मतं नाकारली, हे वाचताना माझ्या मनात कुठलाही पांडित्याचा आनंद नव्हता. दादाच्या बाजूनं कुणीतरी बोललं, असं वाटलं.

त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आतच, 529 मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावी आणखी एक सभा भरली. विश्वासाची नुसती सुरुवात, तो पहिला हुंकारसुद्धा, कृपेचाच असतो असं तिनं ठरवलं. आणि त्याच दमात हेही सांगितलं की देवानंच कुणाला वाईटासाठी नेमून ठेवलंय असं जर कुणी मानत असेल, तर आम्ही त्याचा धिक्कार करतो. या दुसऱ्या वाक्याचा मला पुढं फार उपयोग झाला. तो सांगेन.

मधला इतिहास लांबलचक आहे. 1524 मध्ये इरॅस्मस नावाच्या विद्वानानं इच्छास्वातंत्र्यावर लिहिलं आणि पुढच्याच वर्षी धर्मसुधारक ल्यूथरनं त्याला उत्तर दिलं. 1618-19 मध्ये डॉर्ट इथं, कॅल्व्हिनपंथी निवडीच्या शिकवणीला हरकत घेणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध मोठी सभा झाली. खंडच्या खंड भरतील एवढा वाद आहे, आणि त्यातला बराचसा वाचताना मला गुदमरल्यासारखं झालं. मला त्यातून जवळची वाटली ती दोनच माणसं. वेस्ली आणि व्हाइटफील्ड. दोघं जुने मित्र, दोघंही उघड्या मैदानावर हजारोंना उपदेश करणारे. नेमक्या याच मुद्द्यावरून दोघांत फूट पडली. व्हाइटफील्ड बाबांच्या बाजूचा, वेस्ली आईच्या. वेस्लीचं म्हणणं पेलाजियससारखं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. माणूस आपल्या बळावर वळतो असं तो म्हणत नव्हता. तो म्हणत होता की माणूस वळण्याआधीच कृपा येऊन पोचलेली असते, मेलेल्या इच्छेत 'हो' म्हणण्यापुरता जीव ती घालते, आणि मग वाट बघते. आईची कडी आतूनच काढायची होती, पण ती काढणाऱ्या हातात बळ बाहेरूनच आलेलं होतं. 1770 साली व्हाइटफील्ड गेला तेव्हा त्याच्यासाठी स्मरणाचा उपदेश वेस्लीनं केला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "करणारच. भांडण घरातलं होतं."

आमच्या शेजारी निवृत्त संस्कृत शिक्षक राहायचे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. हा विषय मी त्यांच्याकडे काढला तर ते हसून म्हणाले, "अगं, हा वाद तुमच्यातच आहे असं वाटलं होय तुला? दक्षिणेत श्रीवैष्णवांचे याच्यावरून दोन पंथ झाले." मग त्यांनी मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगितला. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून उचलते. वडकलै पंथ माकडाच्या पिलाचा, तेंकलै मांजराच्या. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा दिवाणखान्यात पेपर वाचत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मांजरीचं पिल्लू ओरडतं की पण. ओरडल्याशिवाय आई येत नाही." आणि थोड्या वेळानं: "येते म्हणा. न ओरडताही येते."

कोल्हापूरचं एक वाक्य मात्र गुरुजींनाही माहीत नव्हतं. रॉयल वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथं कोल्हापुरात जन्मला. त्याच्या बहिणीचं नाव ग्रेस, म्हणजे कृपाच. पुढं अमेरिकेत शिकताना रॉबर्टनं विद्यार्थ्यांची एक चळवळ उभी केली आणि तिच्यासाठी एक प्रतिज्ञा चालत आली. परदेशी सेवेला जायला आम्ही राजी आहोत, तशी आमची इच्छा आहे, देवाची परवानगी असल्यास. कॅल्व्हिनच्या शिकवणीत वाढलेल्या मुलाची प्रतिज्ञा, आणि तिची सुरुवात 'आम्ही राजी आहोत' अशी! 'देवाची परवानगी असल्यास' हे शब्दही त्याच वाक्यात, एका स्वल्पविरामावर. तो स्वल्पविराम मला आजही ओरांजच्या ठरावांपेक्षा खोल वाटतो.

आता तो मधला खंड.

2003 च्या हिवाळ्यात दादाला त्याच्या एका मित्राचे थोरले भाऊ आपल्या गावी घेऊन गेले. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, आम्हीही. भोगावतीच्या काठाला त्यांचं तीन एकर रान, सगळा ऊस. राधानगरीचं धरण वर भरलेलं असलं की भोगावतीला पाणी असतं. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलेलं ते धरण. त्या नदीवरचे बंधारे, त्यावरच्या मोटारी, पाइपलाइन, पाळी. आण्णा ख्रिस्ती नव्हते, वारकरी होते, आणि दादाशी तारणाबद्दल एक अवाक्षरही कधी बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "आता ऱ्हा हितंच. रातीला पाणी पाजायला माणूस पायजे."

शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची असली की दादा बॅटरी आणि खोरं घेऊन रानात जायचा. ज्यांनी कधी रात्री उसाला पाणी दिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटातून पाणी येतं. ज्या सरीला द्यायचं तिच्या तोंडाशी असलेली माती खोऱ्यानं ओढून काढायची, त्याला दार मोडणं म्हणतात. सरी शेवटपर्यंत भिजली की ते दार बांधायचं आणि पुढचं मोडायचं. झोप लागली तर पाणी कुठं जाईल सांगता येत नाही. सरी फुटते, नाहीतर शेजाऱ्याचं रान भिजतं. माणसानं अंधारात पाण्याच्या आवाजावर कान ठेवून जागं राहायचं.

चौदा महिने दादानं प्यायली नाही. मी एकदा त्याला भेटायला गेले. मुक्कामाला राहिले आणि रात्री त्याच्याबरोबर रानात गेले. थंडी होती. पाट भरून येत होता, काळं पाणी, त्याच्यावर चांदणं. मी त्याला म्हटलं, "दादा, तू जिंकलास." मला अभिमान वाटत होता आणि तो बोलून दाखवायचा होता. त्यानं खोरं मातीत रोवलं. म्हणाला, "काय जिंकलो? पाणी वरनंच आलंय. मी निस्तं दार मोडलं. आणि खोरं पण आण्णांचंच."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पण मोडायला लागतं, बरं का. नाहीतर पाणी पाटातनंच निघून जातं."

मी त्याला काही शिकवलं नव्हतं. ऑगस्टिन आणि वेस्ली दोघंही त्याच्या एका श्वासात आले. येशूचा प्रेषित पौल यानं फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्रात लिहिलंय: "भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे व कृती करणे ही तुमच्या ठायी आपल्या सत्संकल्पासाठी साधून देणारा तो देव आहे." मी कितीतरी वेळा हे वचन वाचलं होतं आणि मधला शब्द दरवेळी मनातल्या मनात बदलून वाचत होते. 'पण देव' असं वाचत होते. पौल 'पण' म्हणत नाही. 'कारण' म्हणतो. तू कर, कारण तो करतोय. एकाचं काम वाढलं की दुसऱ्याचं कमी होतं, असा हा वाटणीचा हिशेबच नाही. दार मोडणाऱ्याच्या हातातलं बळ कमी धरलं म्हणून धरणातलं पाणी वाढत नाही.

उपमा फार ताणू नये हेही मला ठाऊक आहे. याच भोगावतीचं पाणी पुढं पंचगंगेला मिळतं, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडून ते पाणी लोकांच्या घरांत शिरलं. तेव्हा कुणी दार मोडलं नव्हतं. कृपा तशी येत नाही. ती घर बुडवत नाही.

दादा परत प्यायला लागला. कसा, कुणामुळं, हे लिहून काही मिळणार नाही. तो शहरात परतला, लेथवर गेला, आणि एका शनिवारी बाबांनी पुन्हा क्लिपा लावल्या. बाबा तेव्हा सत्तरीला आले होते. चढावर सायकलवरून उतरून चालायचे, दादा मागं बसलेलाच.

2006 च्या डिसेंबरात यकृतानं साथ सोडली. पोट पाण्यानं भरलं, डोळे पिवळे झाले. दवाखान्यात बाबा रोज संध्याकाळी त्याला वाचून दाखवायचे. एके दिवशी योहानाचा पाचवा अध्याय आला: बेथेस्दाचं तळं, आणि त्याच्याकाठी 38 वर्षं पडलेला आजारी माणूस. येशू त्याला विचारतो, "तुला बरे होण्याची इच्छा आहे काय?" दादा म्हणाला, "थांबा, बाबा. तो काय म्हणाला?" बाबांनी वाचलं. तो माणूस 'हो' म्हणतच नाही. म्हणतो, पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला कुणी नाही, मी जातो तोवर दुसरा माझ्याआधी उतरतो. दादा म्हणाला, "म्हणजे हो नाही म्हणाला." "नाही म्हणाला," बाबा म्हणाले. "तरी बरा केला?" "केला."

मी तिथंच स्टुलावर बसले होते. त्या तळ्याची रीत किती दुष्ट आहे हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं: जो आधी पोचेल तो बरा होईल. म्हणजे जो सगळ्यांत कमी आजारी, तो. 'मनावर घेतलं तर' म्हणणाऱ्यांचं तळं ते. येशू त्या माणसाला तळ्यापर्यंत नेत नाही. त्याच्या अर्धवट, रडक्या उत्तरावर अडून बसत नाही. पण त्याला उचलूनही नेत नाही. "ऊठ, आपली बाज उचलून चाल," म्हणतो. आणि उठतो तो माणूसच.

बाबांनी पुस्तक मिटलं. दादा छताकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, मी कधी आपल्या पायानं घरी आलो नाही. तुम्हीच यायचा न्यायला."

"हं."

"पण कॅरिअरवर बसायचो मी."

"बसवायचो मी," बाबा म्हणाले.

"धरून मी बसायचो."

बाबांनी यावर उत्तर दिलं नाही. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. पाच-सहा दिवसांनी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दादा पहाटे गेला. त्याआधीच्या रविवारी पाळकांनी दवाखान्यात येऊन प्रभुभोजन, येशूच्या स्मरणाचा तो पवित्र घास, दिलं होतं. त्यानं ते घेतलं. घेताना काही बोलला नाही, साक्ष दिली नाही, 'मी प्रभूला स्वीकारतो' असं मोठ्यानं म्हटलं नाही. तोंड उघडलं, एवढंच.

दफनभूमीतून परतताना मंडळीतले एक गृहस्थ माझ्या बाजूला चालत होते. समजूत घालायच्या स्वरात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. सगळेच निवडलेले नसतात."

ते वाक्य मी बरीच वर्षं वाहिलं. राग त्या माणसावर होताच, पण त्याहून जास्त त्या शब्दावर होता. बाबांच्या आयुष्यभराच्या शब्दावर. घरी येऊन मी बाबांना तेच विचारलं, रागानंच. म्हटलं, तुमच्या शिकवणीप्रमाणे दादा निवडलेला नव्हता का? बाबा म्हणाले, "हा शब्द मी गुडघ्यांवर असताना वापरतो. माझ्याबद्दल. उभं राहून दुसऱ्याबद्दल वापरायला तो दिलेला नाही."

मी नंतर ताडून पाहिलं. पौलाच्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात 'जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्याला निवडून घेतले' हे शब्द स्तुतीच्या वाक्यात आहेत. 'देव धन्यवादित असो' इथून ते सुरू होतं. निवाड्याचं वाक्य ते नाहीच. आणि रोमकरांच्या पत्राचा नववा अध्याय, जिथं कुंभार आणि मातीचा गोळा आहे, ज्यावरून शतकानुशतकं लोक एकमेकांना घाबरवत आलेत, तो सुरू कसा होतो? पौल म्हणतो की माझ्या मनात अखंड वेदना आहेत. माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. निवडीबद्दल लिहायला बसलेला माणूस आधी आपल्या भावांसाठी रडतोय. आणि अकराव्या अध्यायात पोचतो तेव्हा हात वर करून म्हणतो की देवाच्या ज्ञानाची खोली अगाध आहे. अश्रू आणि स्तुती यांच्या मध्ये ते तीन अध्याय आहेत. मधलाच तुकडा उचलून कुणाच्या तिरडीमागं चालताना बोलायचा अधिकार कुणालाही नाही. मी हे ठामपणे म्हणते. 'त्यानं मला निवडलं' हे वाक्य प्रार्थना आहे. 'त्यानं त्याला निवडलं नाही' हे वाक्य देवाच्या खुर्चीवर बसून बोललेलं आहे, आणि ओरांजला जमलेल्या त्या लोकांनी पंधराशे वर्षांपूर्वी या दिशेला जाणाऱ्या वाटेवर काटे टाकून ठेवलेत.

तो दफनाचा दिवस मावळला. नातेवाईक गेले. आण्णा गावाहून आले होते, ते बाबांशेजारी काही न बोलता दोन तास बसून होते. शेवटच्या एसटीनं परत गेले. स्वयंपाक शेजारच्या बायकांनी करून ठेवला होता. आम्ही थोडं थोडं जेवलो. सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकून होती, क्लिपा हँडलला अडकवलेल्या.

नऊ वाजले असतील. आई उठली, दाराशी गेली आणि तिनं कडी लावली. बारा वर्षांत त्या दाराला इतक्या लवकर कडी लागलेली मी पाहिली नव्हती. बाबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"आले सगळे," आई म्हणाली, आणि आत जाऊन झोपली.